७६१ वी रणगाडा बटालियन आणि लेफ्टनंट रॉबिन्सन यांचा खटला

अमेरिकेच्या लष्करातील ७६१ वी रणगाडा बटालियन १ एप्रिल १९४२ रोजी लुइझियाना राज्यातील कॅम्प क्लेबोर्न या छावणीत उभी राहिली. तिचे सर्व जवान कृष्णवर्णीय होते आणि वरचे अधिकारी प्रामुख्याने गोरे. काळ्या बिबट्याच्या मुखाचे बोधचिन्ह असल्यामुळे तिला ‘ब्लॅक पँथर्स’ हे नाव मिळाले. ओकलंड येथे १९६६ मध्ये निघालेला आणि पुढे मुंबईतील दलित पँथरला ज्याच्यावरून नाव मिळाले तो ब्लॅक पँथर पक्ष या बटालियनच्या दोन तपांनंतरचा. त्याच्याशी या बटालियनचा संघटनात्मक संबंध नव्हता. ‘कम आउट फायटिंग’, म्हणजे ‘लढतच बाहेर पडा’, हे तिचे ब्रीदवाक्य. ते मुष्टियोद्धा जो लुई यांच्या बोलण्यावरून घेतले गेले, असे सांगितले जाते. तसे असेल तर एका खेळाडूची छाप बटालियनवर पहिल्यापासूनच होती. दुसऱ्या खेळाडूचे नाव तिच्या इतिहासाला पुढे कायमचे चिकटले. ते म्हणजे लेफ्टनंट जॅक रूझवेल्ट रॉबिन्सन, ज्यांना जग जॅकी रॉबिन्सन म्हणून ओळखते.

बटालियन का निघाली हे समजण्यासाठी त्या काळच्या लष्करी धोरणाकडे पाहावे लागते. सप्टेंबर १९४० मध्ये अमेरिकेत सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला. लोकसंख्येतील प्रमाण लक्षात घेऊन लष्करात सुमारे एक दशांश कृष्णवर्णीय घ्यायचे ठरले; पण त्यांना गोऱ्यांपासून वेगळे ठेवण्याची जुनी पद्धत कायम राहिली. वेगळ्या बराकी, वेगळे भोजनगृह, वेगळा क्लब, चित्रपटगृहात वेगळ्या रांगा, अशी प्रत्येक गोष्ट दोनदा करावी लागे. जखमींसाठी जमवलेले रक्तही दात्याच्या वर्णानुसार वेगळे ठेवले जाई. कृष्णवर्णीय जवानांच्या हाती बंदुकीऐवजी बहुधा फावडे, ट्रकचे चाक किंवा स्वयंपाकाची कढई येत असे. रणगाडा चालवण्याइतकी यांत्रिक समज आणि चपळ बुद्धी त्यांच्यात नसते, असे वरिष्ठ वर्तुळात उघड बोलले जाई. भूदलाच्या प्रशिक्षणाचे प्रमुख जनरल लेस्ली मॅकनेअर यांचे मत वेगळे होते. त्यांच्या पाठिंब्याने आणि कृष्णवर्णीय वृत्तपत्रांनी सतत लावून धरलेल्या मागणीमुळे १९४१ मध्ये ७५८ वी रणगाडा बटालियन सुरू झाली. ७६१ वी ही त्या मालिकेतील दुसरी आणि ७८४ वी तिसरी.

कॅम्प क्लेबोर्न दक्षिणेकडील राज्यात असल्यामुळे छावणीच्या कुंपणाबाहेर वर्णभेद सक्तीचा करणाऱ्या ‘जिम क्रो’ कायद्यांचे राज्य होते. जवळच्या अलेक्झांड्रिया गावात १० जानेवारी १९४२ रोजी, म्हणजे बटालियन स्थापन होण्याच्या जेमतेम तीन महिने आधी, ली स्ट्रीटवर कृष्णवर्णीय जवान आणि पोलीस यांच्यात मोठा हिंसाचार झाला होता. छावणीतही त्यांची जागा अगदी मागच्या, सखल आणि ओल्या भागात होती. युद्धकैदी म्हणून आणलेल्या जर्मन सैनिकांना ज्या सोयी मिळत, त्या आपल्याला मिळत नाहीत ही खंत बटालियनच्या अनेक जवानांनी उतारवयातही बोलून दाखवली. ज्या शत्रूशी लढायला आपल्याला तयार केले जात आहे, तोच शत्रू कैदेत असूनही आपल्याहून वरचा मानला जातो, हे त्यांना सर्वांत जास्त बोचले. ते बोचणे अगदी रास्त होते.

सप्टेंबर १९४३ मध्ये बटालियन टेक्सासमधील कॅम्प हूड येथे हलली. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणी फौजेतील सेनापती जॉन बेल हूड यांचे नाव या छावणीला दिलेले होते. तेथे हलक्या ‘स्टुअर्ट’ रणगाड्यांच्या जागी बटालियनला मध्यम वजनाचे ‘शर्मन’ रणगाडे मिळाले. त्याच काळात लेफ्टनंट कर्नल पॉल बेट्स यांच्याकडे तिची सूत्रे आली. बेट्स गोरे होते आणि महाविद्यालयात फुटबॉल खेळलेले होते. जवानांकडून ते कडक शिस्त मागत. मात्र त्यामागचे कारणही मोकळेपणाने सांगत. तुमच्याकडून चूक होण्याची वाट पाहणारे बाहेर पुष्कळ आहेत, तेव्हा तुम्हाला इतरांपेक्षा सरस राहावे लागेल, असे त्यांचे सांगणे असे. पुढे बढती घेऊन बटालियन सोडण्याची संधी आली तेव्हा त्यांनी ती नाकारली.

जॅकी रॉबिन्सन १९४४ मध्ये या बटालियनमध्ये आले, तेव्हा त्यांचे नाव कॅलिफोर्नियातील क्रीडाप्रेमींना चांगले परिचित होते. जॉर्जिया राज्यातील कैरो गावी ३१ जानेवारी १९१९ रोजी त्यांचा जन्म झाला. आईने पाचही मुलांना घेऊन पॅसाडेना गाठले आणि घरकाम करून त्यांना वाढवले. थोरले बंधू मॅक यांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर शर्यतीत जेसी ओवेन्स यांच्या पाठोपाठ रौप्यपदक मिळवले होते. जॅकी यांनी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि मैदानी खेळ या चारही प्रकारांत विद्यापीठाचे मानचिन्ह मिळवले. असे करणारे ते तेथील पहिलेच खेळाडू. १९४० मध्ये ते लांब उडीत आंतरविद्यापीठ राष्ट्रीय विजेते ठरले. व्यावसायिक बेसबॉलची दारे मात्र त्यांच्या वर्णाच्या खेळाडूंना बंद होती. होनोलुलूत काही महिने फुटबॉल खेळून ५ डिसेंबर १९४१ रोजी ते बोटीने परत निघाले. दोनच दिवसांनी पर्ल हार्बरवर हल्ला झाला.

१९४२ च्या वसंतात त्यांना सक्तीच्या भरतीचे बोलावणे आले आणि कॅन्सस राज्यातील फोर्ट रायली येथे घोडदळात त्यांची नेमणूक झाली. विद्यापीठातील शिक्षण आणि उत्तम शारीरिक क्षमता असूनही अधिकारी प्रशिक्षणासाठी केलेला त्यांचा अर्ज महिनोन्‌महिने पडून राहिला. इतर कृष्णवर्णीय अर्जदारांचीही हीच गत होती. कागदोपत्री नियम सर्वांना सारखा होता. अर्ज पुढे सरकत नव्हते, इतकेच. याच तळावर जो लुई साधे शिपाई म्हणून दाखल झाले. हेवीवेट विश्वविजेते असलेल्या लुई यांनी १९४२ च्या सुरुवातीला दोन लढतींची कमाई नौदल आणि भूदलाच्या मदतनिधीला दिली होती. त्यांच्या शब्दाला वॉशिंग्टनमध्ये वजन होते. रॉबिन्सन यांनी ही अडचण त्यांच्या कानावर घातली. लुई यांनी युद्ध खात्यातील कृष्णवर्णीय सल्लागार ट्रुमन गिब्सन यांच्याशी संपर्क साधला. अडलेले अर्ज हलले आणि जानेवारी १९४३ मध्ये रॉबिन्सन सेकंड लेफ्टनंट झाले.

खांद्यावर अधिकाऱ्याचे चिन्ह आले तरी मैदानाची दारे उघडली नाहीत. फोर्ट रायलीच्या बेसबॉल संघात खेळायला ते गेले, तेव्हा त्यांना कृष्णवर्णीयांच्या संघाकडे जायला सांगण्यात आले. असा संघ तेथे अस्तित्वातच नव्हता. तळाच्या फुटबॉल संघात मात्र त्यांना घेतले. पण मिसूरी विद्यापीठाच्या संघाने कृष्णवर्णीयाविरुद्ध खेळण्यास नकार देताच त्यांना सामन्याच्या वेळी रजेवर जाण्याची सूचना झाली. वरिष्ठांचा रोष पत्करून त्यांनी तो संघ सोडला.

जवानांच्या मनोबलाची जबाबदारी त्यांच्याकडे आल्यावर आणखी एक प्रसंग घडला. छावणीतील उपाहारगृहात कृष्णवर्णीयांसाठी मोजक्याच खुर्च्या होत्या. गोऱ्यांसाठी राखलेल्या खुर्च्या रिकाम्या असल्या तरी त्यांना ताटकळत उभे राहावे लागे. रॉबिन्सन यांनी याबद्दल एका वरिष्ठ अधिकाऱ्याला दूरध्वनी केला. पलीकडच्या अधिकाऱ्याला बोलणारा कृष्णवर्णीय आहे याची कल्पना नव्हती. तुमच्या पत्नीने अशा माणसाशेजारी बसलेले तुम्हाला चालेल का, असे त्याने शिवीसह विचारले. संतापलेल्या रॉबिन्सन यांचा आवाज साऱ्या कचेरीत घुमला. तक्रार वर गेली आणि काही खुर्च्या वाढल्या. त्या वेगळ्या जागीच राहिल्या, ही गोष्ट निराळी.

कॅम्प हूडला आल्यावर ७६१ व्या बटालियनमध्ये त्यांच्याकडे एक प्लाटून देण्यात आली. घोडदळातून आल्यामुळे त्यांना रणगाड्यांची काहीच माहिती नव्हती. हे त्यांनी आपल्या सार्जंटला आणि जवानांना पहिल्याच भेटीत सरळ सांगितले आणि त्यांच्याकडूनच काम शिकून घेतले. त्या प्लाटूनची कामगिरी बेट्स यांच्या नजरेत भरली. उजव्या घोट्याच्या जुन्या दुखापतीमुळे रॉबिन्सन यांच्यावर मर्यादित सेवेचा शिक्का होता, तरी त्यांना मनोबल अधिकारी म्हणून युरोपला नेण्याची बेट्स यांची इच्छा होती. दुखापत वाढल्यास लष्कराला जबाबदार धरणार नाही, असे लिहून द्यायला रॉबिन्सन तयार झाले. या तपासणीसाठी ते टेंपल येथील लष्करी रुग्णालयात राहिले होते. तेथून ६ जुलै १९४४ च्या संध्याकाळी ते छावणीतील कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांच्या क्लबमध्ये आले.

रात्री अकराच्या सुमारास परतीसाठी ते छावणीतील बसमध्ये चढले. बसमध्ये एका सहकारी अधिकाऱ्याची पत्नी होती. ते तिच्या शेजारी, बसच्या मधल्या भागात बसले. ती बाई उजळ वर्णाची असल्याने कृष्णवर्णीय पुरुष गोऱ्या बाईजवळ बसला आहे, असा चालकाचा समज झाला असावा. त्याने रॉबिन्सन यांना मागे जाऊन बसायला सांगितले. रॉबिन्सन उठले नाहीत. लष्कराच्या वाहनांत वर्णावरून जागा ठरवता येत नाही, याची त्यांना कल्पना होती. त्याच उन्हाळ्यात युद्ध खात्याने या आशयाचा स्पष्ट आदेशही काढला. शेवटच्या थांब्यावर चालकाने आपल्या वरिष्ठाला बोलावले, गर्दी जमली आणि लष्करी पोलीस रॉबिन्सन यांना चौकीवर घेऊन गेले.

आपल्या मनाने जागा न सोडणे किती जोखमीचे होते, हे त्याच आठवड्यात दिसून आले. ८ जुलै १९४४ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील डरहम येथे बुकर स्पाइसली या गणवेशातील कृष्णवर्णीय जवानाचा बसमधील जागेच्या वादातून चालकाने गोळी घालून खून केला. गोऱ्या पंचांनी त्या चालकाला निर्दोष सोडले.

चौकीवर एका शिपायाने रॉबिन्सन यांच्याबद्दल वंशद्वेषी शिवी वापरली. पुन्हा तो शब्द काढलास तर तुझे दोन तुकडे करीन, असे रॉबिन्सन यांनी त्याला सुनावले. लष्करी पोलिसांचे कॅप्टन जेराल्ड बेअर आल्यावर गोऱ्या साक्षीदारांना आत घेऊन त्यांचे जबाब सुरू झाले. ज्याच्याबद्दल जबाब होते तो लेफ्टनंट बाहेर थांबवला गेला. आपण जबाब देत असताना टंकलेखन करणारी नागरी कर्मचारी मधे मधे प्रश्न विचारून टोकत होती, अशी रॉबिन्सन यांची तक्रार होती. त्यांच्या बोलण्यातील ठामपणा हा उद्धटपणा ठरला. टवाळीच्या सुरात कमरेत वाकून नमस्कार करणे आणि ढिसाळ सलाम ठोकणे हेही पुढे आरोपपत्रात नोंदले गेले.

कोर्ट मार्शलच्या कागदांवर बटालियनच्या प्रमुखाची सही लागत होती. बेट्स यांनी ती करण्यास साफ नकार दिला. या इतिहासात पॉल बेट्स यांचे स्थान रणांगणावरील नेतृत्वाइतकेच या न केलेल्या सहीमुळे मोठे आहे. तेव्हा रॉबिन्सन यांची बदली ७५८ व्या बटालियनमध्ये करण्यात आली. तेथील प्रमुखाने सही केली. १६ जुलै रोजी रॉबिन्सन यांनी ट्रुमन गिब्सन यांना पत्र लिहून सारी हकिकत कळवली. कृष्णवर्णीय वृत्तपत्रांपर्यंत आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेपर्यंतही ही बातमी गेली.

२ ऑगस्ट १९४४ रोजी कॅम्प हूडमध्ये खटला चालला. मद्य न घेणाऱ्या रॉबिन्सन यांच्यावरचा मद्यधुंद असल्याचा आळ तोवर गळून पडला होता. बसमधील प्रकारच आरोपपत्रातून बाजूला ठेवण्यात आला होता. उरले दोनच आरोप, तेही चौकीवरील वर्तनाचे: वरिष्ठ अधिकाऱ्याचा अवमान आणि कायदेशीर आज्ञेचा भंग. त्यामुळे बसमध्ये वर्णभेद योग्य की अयोग्य, हा मूळ प्रश्न न्यायालयात उभाच राहू नये अशी सोय झाली होती. लेफ्टनंट विल्यम क्लाइन यांनी बचाव केला. कॅप्टन बेअर यांनी नेमकी कोणती आज्ञा दिली, आरोपीने थांबायचे होते की निघून जायचे, हे साक्षीदारांना एकमताने सांगता येईना, हे उलटतपासणीत उघड झाले. बेट्स यांनी स्वतः साक्ष दिली आणि हा अधिकारी आपल्या हाताखाली लढाईत असावा अशी आपली इच्छा आहे, असे सांगितले. त्या शिवीचा अर्थ विचारला गेल्यावर रॉबिन्सन यांनी आपल्या आजीचा दाखला दिला. ती गुलामगिरीत जन्मली होती आणि तिने या शब्दाची व्याख्या नातवाला शिकवली होती. तो शब्द आपल्याला लागू होत नाही, असे त्यांनी न्यायालयाला सांगितले. दोषी ठरवण्यासाठी नऊ अधिकाऱ्यांच्या मंडळाला दोन तृतीयांश मते लागत होती. गुप्त मतदान होऊन ते दोन्ही आरोपांतून निर्दोष सुटले.

खटला जिंकूनही त्यांची बटालियन त्यांना परत मिळाली नाही. ७६१ वी बटालियन त्याच महिन्यात युरोपच्या वाटेला लागली. २७ ऑगस्टला ती न्यूयॉर्कहून बोटीने निघाली. घोट्याच्या दुखापतीचा आधार घेऊन रॉबिन्सन यांनी सेवेतून मोकळे करण्याची विनंती केली. केंटकीतील कॅम्प ब्रेकिन्रिज येथे त्यांनी काही काळ जवानांना खेळांचे प्रशिक्षण दिले आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये ते सन्मानपूर्वक सेवामुक्त झाले. त्या छावणीत भेटलेल्या एका जुन्या खेळाडूच्या सांगण्यावरून त्यांनी कॅन्सस सिटी मोनार्क्स या कृष्णवर्णीयांच्या बेसबॉल संघाला पत्र लिहिले. ब्रुकलिन डॉजर्स संघाचे ब्रँच रिकी यांची त्यांच्यावर नजर पडली ती मोनार्क्सकडून खेळताना. ऑगस्ट १९४५ मध्ये दोघांची भेट झाली. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन डॉजर्सकडून मैदानात उतरले आणि अमेरिकेच्या आधुनिक प्रमुख बेसबॉल स्पर्धेतील वर्णाची भिंत कोसळली.

बटालियन इंग्लंडमार्गे १० ऑक्टोबर १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरली. तेव्हा तिच्यात ३० कृष्णवर्णीय आणि ६ गोरे अधिकारी आणि ६७६ जवान होते. ती जनरल जॉर्ज पॅटन यांच्या तिसऱ्या आर्मीला जोडली गेली. पॅटन यांनी जवानांपुढे जोशपूर्ण भाषण करून त्यांचे स्वागत केले. खासगी लिखाणात मात्र कृष्णवर्णीय माणूस रणगाड्यात लढण्याइतका झटपट विचार करू शकत नाही, हे आपले मत त्यांनी नोंदवून ठेवले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याअखेर फ्रान्सच्या लॉरेन भागात मोआयेनविक, विक-सूर-सेय आणि मोरविल या गावांभोवती बटालियन प्रथमच लढाईत उतरली. पहिल्याच झटक्यात बेट्स जखमी होऊन मागे गेले. त्यांच्याविनाही बटालियन डगमगली नाही.

ओक्लाहोमाचे स्टाफ सार्जंट रूबेन रिव्हर्स यांचा रणगाडा विक-सूर-सेयकडे जाताना रस्त्यावर आडव्या पाडलेल्या झाडामुळे अडला. समोरून गोळीबार चालू असताना ते खाली उतरले, झाडाला तारदोर बांधला आणि रणगाड्याने ते झाड ओढून बाजूला काढले. मागची सारी तुकडी पुढे सरकली. १६ नोव्हेंबरला गेब्लँगजवळ त्यांचा रणगाडा सुरुंगावर चढला आणि त्यांचे मांडीपासून गुडघ्यापर्यंत मांस फाटून हाड उघडे पडले. कंपनीचे गोरे कॅप्टन डेव्हिड विल्यम्स यांनी त्यांना मागे जाण्यास सांगितले. रिव्हर्स यांनी मॉर्फीनही नाकारले आणि दुसऱ्या रणगाड्याचा ताबा घेतला. जखम चिघळत असताना तीन दिवस ते लढत राहिले. १९ नोव्हेंबरच्या सकाळी शत्रूच्या तोफा दिसल्याचे बिनतारी यंत्रावर कळवून आपल्या माघार घेणाऱ्या सोबत्यांना आच्छादन देत असताना ते मारले गेले. सर्वोच्च पदकासाठी आपण त्यांची शिफारस केली होती, असे विल्यम्स शेवटपर्यंत सांगत राहिले. त्या कागदाचा पुढे मागमूस लागला नाही.

जानेवारी १९४५ मध्ये आर्डेनच्या बर्फात बेल्जियममधील तिये गावासाठी बटालियनने अनेक दिवस झुंज दिली. मार्चमध्ये तिने जर्मनीची सीगफ्रीड संरक्षणरेषा भेदण्यात भाग घेतला. मे महिन्याच्या सुरुवातीला ऑस्ट्रियात गुन्सकिर्शन येथील छळछावणी मोकळी करणाऱ्या फौजांत तिचे जवान होते. वंशाच्या आधारे माणसाला माणसातून वजा करण्याचा शेवट कुठे होतो, हे तेथे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर एन्स नदीकाठी श्टायर गावाजवळ बटालियन सोव्हिएत सैन्याला भेटली. एकूण १८३ दिवस ती आघाडीवर होती. एवढा काळ क्वचितच एखाद्या चिलखती तुकडीला विश्रांतीविना काढावा लागला असेल.

१ जून १९४६ रोजी बटालियन जर्मनीत विसर्जित झाली. २६ जुलै १९४८ रोजी अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी ९९८१ क्रमांकाच्या आदेशाने सैन्यदलांत सर्वांना समान वागणूक व समान संधी देण्याचे धोरण जाहीर केले. आदेश अंमलात यायला कोरियन युद्धाची निकड लागली आणि केवळ कृष्णवर्णीयांच्या तुकड्या १९५४ पर्यंत टप्प्याटप्प्याने संपल्या. ७६१ वी बटालियन नोव्हेंबर १९४७ मध्ये फोर्ट नॉक्स येथे पुन्हा उभी राहिली होती. १५ मार्च १९५५ रोजी ती कायमची निष्क्रिय झाली.

ज्यांच्याबरोबर ती लढली त्या फौजांच्या प्रमुखांनी युद्धसमाप्तीनंतर लगेच तिची प्रशंसा केली होती. अध्यक्षांचे सामूहिक मानपत्र मात्र वारंवार मागणी करूनही मिळाले नाही. ते अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या कारकिर्दीत, २४ जानेवारी १९७८ रोजी मिळाले. तोवर कित्येक जवान या जगात नव्हते. रॉबिन्सन यांचेही १९७२ मध्ये ५३ व्या वर्षी निधन झाले होते. दुसऱ्या महायुद्धातील चारशेहून अधिक सर्वोच्च सन्मानपदकांपैकी एकही कृष्णवर्णीय सैनिकाला दिले गेले नव्हते. फेरतपासणीनंतर १३ जानेवारी १९९७ रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सात जणांना ते प्रदान केले. त्यांपैकी एकटे व्हर्नन बेकर हयात होते. रूबेन रिव्हर्स यांचे पदक कुटुंबीयांनी स्वीकारले. त्याच वर्षी १५ एप्रिलला प्रमुख बेसबॉल स्पर्धेतील सर्व संघांनी रॉबिन्सन यांचा ४२ हा क्रमांक त्यांच्या सन्मानार्थ कायमचा निवृत्त केला. कॅम्प हूड पुढे फोर्ट हूड झाला आणि त्याच्या एका प्रमुख रस्त्याला ७६१ व्या रणगाडा बटालियनचे नाव देण्यात आले.